भरल्या गाडीचं मिसिंग

आमच्या गाडीत बिघाड आहे की नाही, यावर घरात बरेच दिवस एकमत नव्हतं. नवऱ्याच्या मते गाडी ठणठणीत. तो रोज एकटा ऑफिसला जातो-येतो, रस्ता सपाट, वेग बेताचा. सासूबाई मागच्या सीटवर खिडकीशी बसतात, त्या म्हणायच्या, "अगं, चढाला ही मध्येच अडखळते. मला पाठीला कळतं." मुलीची तक्रार तिसरीच. शाळेत सोडताना तिला काही होत नाही, पण सगळे मिळून कुठे निघालो की मळमळतं. ही तक्रार आम्ही गाडीच्या खात्यावर धरलीच नव्हती. मला स्वतःला जाणवायचं ते वरच्या गिअरमध्ये, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की. एक बारीक गचका, मग काही नाही, मग लागोपाठ दोन-तीन. गिअर उतरवला की सगळं गायब.

गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा तिथल्या मुलानं एकट्यानं एक फेरी मारली, उभ्या गाडीला रेस देऊन पाहिली आणि "गाडी ओके आहे मॅडम" म्हणून किल्ली परत दिली. तोही खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात होती ती रिकामी गाडी आणि सपाट रस्ता. आमच्या सगळ्यांच्याच साक्षी आपापल्या जागी खऱ्या होत्या. पुढे जे सापडलं ते या साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्यामुळे सापडलं, म्हणून त्या इतक्या बारकाईनं सांगितल्या.

मिसिंग म्हणजे इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरचा पेट मध्येच चुकणं. त्याचा हिशेब आकड्यांत मांडला की त्याचं स्वरूप कळतं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू आहे, असं धरलं तर चौघांचे मिळून मिनिटाला १६०० स्फोट होतात, सेकंदाला सुमारे २७. तीन हजार फेऱ्यांवर हाच आकडा सेकंदाला १०० वर जातो. या गर्दीतला एखादा चुकला तर कानाला पत्ताही लागत नाही. तो लागतो पाठीला, नाहीतर पायाला. म्हणून मागच्या सीटवर मुकाट बसलेल्या माणसाचं म्हणणं मला चालवणाऱ्याच्या म्हणण्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं, आणि उरलेल्या अर्ध्यानं तो नकळत गाडीला सांभाळून घेत असतो. जरा गचकली की पाय आपोआप हलका होतो.

न पेटलेला सिलिंडर नुसता गैरहजर नसतो. चौघं मिळून लोखंडी कपाट जिन्यावरून नेतायत आणि एकानं भार सोडून दिला, पण हात मात्र कपाटावरच ठेवलाय, तसला प्रकार असतो. उरलेल्या तिघांना कपाटही न्यायचं आणि वर याचाही अडथळा सोसायचा. मेलेल्या सिलिंडरमधला पिस्टन वर-खाली होतच राहतो, आतली हवा दाबतच राहतो. ते काम त्याच्याकडून बाकीचे तिघं करून घेतात. पिकअप जातो, पेट्रोल जास्त पितं, आणि तिघांच्या जोरावर चाललेलं इंजिन हलायला लागतं ते त्यामुळे.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला मिसिंग कळतं कसं ही. सिलिंडरच्या आत डोकावून ठिणगी पडली की नाही हे पाहणारं साधन नेहमीच्या घरगुती गाडीत सहसा नसतं. असतं ते क्रँकवर बसवलेलं एक दातेरी चाक. पुष्कळ इंजिनांत ते साठ दातांच्या मापानं कापलेलं असतं आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरी कुठून सुरू झाली ते समजावं. एकेक दात म्हणजे सहा अंश. समोरचा सेन्सर दोन दातांमधला वेळ मोजत बसतो. सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते, दात भराभर सरकतात; पुढच्या सिलिंडरची हवा दाबताना गती किंचित मंदावते; पुन्हा ढकल. एखादी ढकल आलीच नाही तर पुढच्या दातांना ठरलेल्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. त्या क्षणी पाळी कुणाची होती हे कॉम्प्युटरला क्रमावरून ठाऊक असतंच. म्हणजे तो न घडलेल्या गोष्टीची नोंद करतो. खडबडीत रस्त्यावर चाकांकडून उलटे हिसके आले तर त्याची फसगत होऊ शकते, म्हणून काही गाड्यांत तो एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चाक-सेन्सरांनाही विचारून घेतो, की बाबा रे, हा धक्का खालचा की आतला?

अखेर दिवा लागला. अर्थात चढावरच, सगळे गाडीत असताना, डिकी भरलेली असताना. आणि लागला तो नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर लागणं आणि लुकलुकणं यांत फार मोठा फरक आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्या निदान निम्म्या लोकांना माहीत नसावा असा माझा अंदाज आहे. स्थिर दिवा म्हणतो, सवडीनं दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणतो, आत्ताच्या आत्ता पाय काढा. कारण सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्यात न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एकदम जाऊन पडत असतात आणि जे सिलिंडरमध्ये पेटायचं ते तिथे पेटत असतं. आतलं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ शकतं आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी जी सिरॅमिकची जाळी असते ती वितळून बसते. मग ठिणगीची वीज तयार करणाऱ्या पाचपन्नास कॉईल घेता आल्या असत्या एवढ्या खर्चाला माणूस बसतो. हा धोका ओळखायला कॉम्प्युटर क्रँकच्या दर २०० फेऱ्यांमागे किती स्फोट चुकले याचा ताळा ठेवतो. मी पाय काढला, गिअर उतरवला, उजवीकडच्या मोठ्या वाहनांना जाऊ दिलं. लुकलुक थांबून दिवा स्थिर झाला. नवरा शेजारी बसलेला होता. तो काही बोलला नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर कोड आला पी०३०२. या कोडची भाषा सगळ्या कंपन्यांत एकच आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष ठरावीक कोडांत नोंदण्याची पद्धत, सक्तीचं झालं आणि पुढे जगभर तीच लिपी रुळली. पी०३०० म्हणजे मिसिंग आहे, पण ठरावीक सिलिंडरला नाही. शेवटचा आकडा १ ते ४ असेल तर तो सिलिंडरचा नंबर. आमचा दोन नंबर. इथे बरेच जण थांबतात आणि पार्ट मागवतात. माझं मत कडक आहे: कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. दोन नंबरच्या खोलीत अंधार आहे एवढंच त्यानं सांगितलं. बल्ब गेला, बटण गेलं की वायर, हे आपणच बघायचं.

कोडपेक्षा मोलाची चीज त्याच्या खाली दडलेली असते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाची अवस्था काय होती याची एक नोंद कॉम्प्युटर साठवून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. आमच्या नोंदीत इंजिन पूर्ण गरम होतं, फेऱ्या दोन हजारांच्या जरा वर, आणि लोड, म्हणजे इंजिनावरचं ओझं, ऐंशी टक्क्यांच्या पुढे. सासूबाईंची पाठ जे सांगत होती तेच. थंड इंजिन नाही, उभी गाडी नाही, वेगातली मोकळी धाव नाही. कमी फेऱ्या आणि जास्त ओझं.

ओझं आणि ठिणगी यांचा संबंध काय, हे समजलं तेव्हा मला खरोखर मजा वाटली. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो तो प्लग. त्याच्या दोन टोकांमधली फट असते साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर. ती ओलांडायला ठिणगीला किती व्होल्ट लागतील हे फटीच्या लांबीवर जसं अवलंबून असतं तसंच तिथल्या वायूच्या दाबावरही असतं. हा संबंध फ्रिडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये मांडला, तेव्हा त्याच्या मनात मोटारगाड्या असण्याचं काही कारण नव्हतं. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी, दाबल्यावरही दाब बेताचा. ठिणगी सहज उडी मारते. चढावर पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, सिलिंडर हवेनं भरतो, दाब कितीतरी वाढतो, आणि तीच फट ओलांडायला आता जास्त व्होल्ट लागतात. कॉईल तेवढे देतेही; बॅटरीच्या १२ व्होल्टांतून २० ते ४० हजार व्होल्ट उभे करायची तिची ताकद असते. पण वीज हट्टी नसते. फटीतून जाण्यापेक्षा सोपी वाट कुठे मिळाली, तर ती तिकडून निघून जाते. सपाट रस्त्यावर फट सोपी, म्हणून नवऱ्याची गाडी ठणठणीत. चार माणसं, सामान आणि चढ आला की चोरवाट सोपी, म्हणून आमची गाडी आजारी. बिघाड सदैव तिथेच होता, त्याला बाहेर यायला सगळं कुटुंब लागत होतं.

एवढ्यावरून संशय ठिणगीवर जात होता, पण संशयच. मिसिंगला कारणं मोजकीच: ठिणगी नाही, पेट्रोल नाही, हवेचं प्रमाण बिघडलंय, किंवा कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही. एकाच सिलिंडरला त्रास असेल तर चौघांची सामाईक कारणं बाद होतात. पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर, एअर फिल्टर यांना दोन नंबरशीच वैर असण्याचं कारण नाही. इंजिन कुठून तरी हवा घेतंय का, म्हणजे एखादं पॅकिंग किंवा पाइप फुटलाय का, हाही प्रश्न होता. पण हवा घेणारं इंजिन सहसा उभं असताना जास्त रडतं आणि रेस दिली की सावरतं. आमचं नेमकं उलट.

इथे एक सापळा आहे. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय की कमी करतोय ते. आमचा आकडा वाढीकडे झुकलेला होता. तो पाहून सरळ अर्थ निघतो की पेट्रोल कमी पडतंय, ते फवारणारा इंजेक्टर तुंबलाय. पण जो सिलिंडर पेटलाच नाही त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर जातो. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याच्या गणतीत नसतं. तो कळवतो, ऑक्सिजन फार आहे. कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी आहे, आणि आणखी सोडतो. ठिणगीचा दोष अशा रीतीनं पेट्रोलच्या नावावर चढतो. चांगले इंजेक्टर कितीदा बाहेर निघून साफ होत असतील या एका गैरसमजापायी!

या वेळी मी गाडी अशा मेकॅनिककडे नेली, जे शेजारी उभं राहून पाहू देतात. हा गुण दुर्मीळ आहे. वय साठीच्या पुढे, हात सावकाश. मी घरातल्या साक्षी सांगितल्या, फ्रीझ फ्रेम दाखवली. ते म्हणाले, "ताई, हे मला आधी कुणी सांगत नाही. लोक येतात आणि म्हणतात प्लग बदला." त्यांनी त्यांच्या उमेदवारीच्या काळातली रीत सांगितली. तेव्हा एकच कॉईल, तिची वीज पाळीपाळीनं वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि चार वायरी. इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपसायची. जिच्या जाण्यानं आवाज बदलतो तो सिलिंडर काम करत होता. जिच्या जाण्यानं काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला. आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल बसलेली असते आणि चालू इंजिनात तिच्याशी अशी धसमुसळी करायची नसते. झटका माणसाला बसतो तो बसतो, कॉम्प्युटरलाही बसू शकतो.

त्यांची आताची रीत मला जास्त आवडली. काहीही विकत न घेता दोष जागेवरून हलवून बघायचा. दोन नंबरची कॉईल तीनवर, तीनची दोनवर. कोड साफ करायचा, गाडी ज्या परिस्थितीत रडते त्याच परिस्थितीत चालवायची. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉईलबरोबर गेला. दोनवरच राहिला तर कॉईल निर्दोष, मग प्लग हलवायचा, मग इंजेक्टर. दोष आपल्या हुकमानं जागा बदलायला लागला की तो सापडला असं समजायचं. त्याआधी पार्ट बदलणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर जुगार.

इंजिन गार होऊ दिलं. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. दोन नंबरच्या कॉईलचा कनेक्टर उष्णतेनं ठिसूळ झालेला, त्याची लॉकची जीभ नखानं नव्हे तर पातळ स्क्रूड्रायव्हरनं अलगद उचलावी लागली. दहा नंबरचा बोल्ट निघाला. कॉईल सरळ वर ओढायची नाही. आधी पाव फेरी डावीकडे, पाव फेरी उजवीकडे, म्हणजे खालचं रबर प्लगवरून सुटतं. ती सुटली तेव्हा एक ओला आवाज झाला. रबराच्या टोकापासून ऑइलचा थेंब लोंबत होता. टॉर्च मारून पाहिलं तर प्लगच्या खड्ड्यात तळाशी ऑइल साचलेलं, प्लगचा षटकोन अर्धा बुडालेला. बाकीचे तीन खड्डे कोरडे. चारच्या काठाला नुसता ओशटपणा.

माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे ऑइलमधून करंट जात होता." त्यांनी मान हलवली. "ऑइल करंट सोडत नाही ताई. ते रबर खातं." रबर दाबून दाखवलं. तीन नंबरचं घट्ट, दोनचं फुगलेलं आणि मऊ, नखाचा ठसा उमटला तो राहिला. रबराची प्लगच्या मानेवरची पकड सुटली की मध्ये फट होते, आणि चढावर जेव्हा व्होल्ट वाढतात तेव्हा वीज त्या फटीतून सिरॅमिकच्या बाहेरच्या अंगानं सरपटत प्लगच्या लोखंडी अंगाला जाऊन भिडते.

ऑइल आधी सिरिंजनं ओढून घेतलं, उरलेलं चिंधीनं टिपलं, मग हवेचा झोत मारला. हे प्लग उघडण्याआधी करायचं, नाहीतर सगळी घाण सिलिंडरमध्ये उतरते. प्लग मात्र त्यांनी काढला नाही. "एका वेळी एकच गोष्ट हलवायची." कॉईलची अदलाबदल केली, गाडीत ते बसले, मी बसले, मागे वाळूच्या दोन गोण्या टाकल्या आणि जवळच्या चढावर नेली.

कोड आले दोन: पी०३०२ आणि पी०३०३.

मला वाटलं झालं, आता इंजिनच उघडायचं. ते मात्र खूश दिसले. दोष कॉईलबरोबर तीनवर गेला आणि दोनवरही राहिला, याचा अर्थ तो दोघांत वाटलेला आहे: एक हिस्सा रबरात, एक हिस्सा प्लगमध्ये. दोन नंबरचा प्लग काढला. पांढऱ्या सिरॅमिकवर, वरच्या टोकापासून लोखंडी कडेपर्यंत, केसाएवढी काळी रेघ. पुसली, गेली नाही. नखानं खरवडली, गेली नाही. कॉईलचं रबर उलटं करून टॉर्च धरला तर आत त्याच जागी तशीच रेघ. वीज पुन्हा पुन्हा एकाच वाटेनं गेली की जळून कार्बन बसतो, कार्बन विजेला वाट देतो, म्हणून पुढची वीज तिथूनच जाते. पायवाट पडते ती अशी. आणि ती प्लगवर पडते तशी रबरावरही उमटते, म्हणून जुन्या प्लगवर नवी कॉईल बसवली तर थोड्याच दिवसांत नव्या रबरातही रेघ येते. "कॉईल पण नवीन टाकली तरी पुन्हा गेली" अशी जी कुरकुर ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं. कॉईलवाल्या कंपनीला शिव्या बसतात.

याच प्लगच्या, आणि बाकीच्या तिघांच्याही, सिरॅमिकवर लोखंडी कडेलगत तपकिरी कडं होतं. ते पाहून मी बोट दाखवलं. ते म्हणाले, ते सोडा, ते निरुपद्रवी. उच्च दाबाच्या विजेभोवती हवेतले ऑइलचे कण ओढले जाऊन चिकटतात त्याचा तो डाग. डाग आडवा आणि गोल, रेघ उभी. एवढा फरक लक्षात ठेवला तरी चांगल्या प्लगची हत्या टळते. खालच्या टोकांचंही वाचन झालं: एक, तीन, चार फिकट बदामी, म्हणजे जळण नीट, दोन काळपट आणि पेट्रोलनं ओला. ओला म्हणजे इंजेक्टर पेट्रोल टाकत होता, त्याचा दोष नाही. ट्रिमच्या सापळ्याचं उत्तर त्या ओल्या टोकावर मिळालं.

प्लग बाहेर होतेच, तर कॉम्प्रेशन मोजून घेतलं. चारही आकडे एकमेकांना धरून. पेट्रोल इंजिनात ते साधारण १५० ते २०० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) दरम्यान असतात, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून मागे पडला की व्हॉल्व्ह किंवा रिंगांकडे बघायचं. आमचं तिथवर गेलं नाही याचा आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला.

दुरुस्तीचं वर्णन लांबवण्यासारखं नाही. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या खड्ड्यांभोवतीच्या गोल सीली बदलल्या. जुन्या इतक्या कडक झालेल्या की वाकवताच तुटल्या. चार नवे प्लग. दोन नंबरला नवी कॉईल. चारही कॉईल बदलाव्या असं सांगणारे असतात. जिथे तिघींचं रबर घट्ट आहे, आत रेघ नाही, तिथे मला ते पटत नाही. प्लग बसवताना मात्र त्यांनी वेळ घेतला. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, आटे नाजूक, म्हणून प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून नुसत्या बोटांनी फिरवत नेला. आटा तिरपा लागला तर नळी घसरते आणि पुढे जात नाही. पाना मात्र ऐकत नाही, तो आटे कापत जातो. शेवटची ओढ आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं, या मापाच्या प्लगांना साधारण २० ते ३० न्यूटन मीटर, गाडीच्या पुस्तकात असेल तितकीच. आट्यांना ग्रीस लावलं नाही. घसरण वाढली की तोच टॉर्क जास्त ओढतो. कॉईलच्या रबराच्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, तेवढंच.

परीक्षा व्हायला हवी होती ती आमच्याच ओझ्यानं. रविवारी सगळे निघालो. स्कॅनर लावलेला, नवरा गाडी चालवतोय, मी चारही सिलिंडरचे मिसिंगचे आकडे बघतेय. वरचा गिअर, चढ, पाय खाली. शून्य, शून्य, शून्य, शून्य. सासूबाईंना विचारलं, "आई, काय म्हणते पाठ?" म्हणाल्या, "आता ठीक आहे. एसी तेवढा कमी कर." मुलीला मळमळलंच. तिची तक्रार इंजिनाची नव्हती, वळणांची होती, आणि ती खटल्यातून बाद करावी लागली.

एक सांगायचं राहिलं. पॅकिंग म्हातारं झालं होतं हे खरं, पण कव्हर परत बसवण्याआधी मेकॅनिकनी त्यावरचा एक अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह उपसून कानाशी हलवला. पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली ऑइलच्या बाजूला झिरपतो. तो बाहेर काढून पुन्हा जाळायला पाठवण्याचं काम याचं. पूर्वीच्या गाड्यांत हा वायू एका पाइपनं सरळ रस्त्यावर सोडून देत. हा व्हॉल्व्ह तुंबला की वायूला जायला जागा राहत नाही, इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर रेटलं जातं. चांगला व्हॉल्व्ह हलवला की आत खुळखुळतो. हे सगळ्या गाड्यांना लागू नाही, काहींत तो कव्हरमध्येच घडवलेला असतो आणि वेगळा निघत नाही. आमचा निघाला, आणि काही केल्या खुळखुळेना. तो तसाच ठेवून नवं पॅकिंग बसवलं असतं तर तेही वेळेआधी गळलं असतं, मागोमाग रबर, मग प्लग, मग पुन्हा चढावरचा तो लुकलुकणारा दिवा. नवा व्हॉल्व्ह या सगळ्या बिलातली सर्वांत स्वस्त ओळ होती. पुढच्या सर्व्हिसला ऑइल बदलताना चारही कॉईल उचलून खड्डे कोरडे आहेत का ते पाहायचं, हे मी जॉबकार्डवर आत्ताच लिहून ठेवलंय.